अक्षता अडकलेलं पिस्तूल

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे एकादशीला, आमच्या नौपाड्यातल्या दुकानात एक वेगळाच वास सुटतो. खोबरेल तेल, नारळाचं पाणी, झेंडू, उदबत्ती आणि या सगळ्याच्या खाली गंज. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं तर येईल, तसा. कारण ठाण्यापासून कल्याणपर्यंत ज्याच्या ज्याच्या घरात परवान्याचं शस्त्र आहे, त्यानं खंडेनवमीला त्याची पूजा केलेली असते. पूजाही यथासांग. पाण्याचा शिंतोडा, हळद, कुंकू, फूल, नारळ फोडला की त्याचं पाणी, आणि वर मूठभर अक्षता. दसरा होईपर्यंत ते तसंच पाटावर. मग एकादशीला लोक ते डब्यात घालून माझ्याकडे आणतात आणि म्हणतात, "जरा बघा हो, चाप दाबला जात नाही."

पस्तीस वर्षं मी हे काम केलं. शस्त्रविक्रीचा आणि दुरुस्तीचा परवाना सासऱ्यांचा. मी मूळचा वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूमचा फिटर. कंपनी बंद पडली तेव्हा सासरे म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला लोखंडाचं कळतं, मला गिऱ्हाइकाचं कळतं. या." मी गेलो. आता दुकान पुतण्या बघतो, मी डोंबिवलीला घरी असतो. पण एकादशीला मात्र मी दुकानात बसतोच. त्या दिवशी आमच्या पुतण्याला कुणी विचारत नाही.

बंदुकीचं दुकान म्हटलं की लोकांचा आवाज आपोआप खाली येतो. बायकोच्या भिशीत मला अजून 'ते पिस्तूलवाले' म्हणतात. एक बाई तर मी घरात असेपर्यंत सोफ्याला पाठ टेकत नसत. प्रत्यक्षात या धंद्यात धाडस असं काही नाही. सकाळी उठून गंज काढायचा, दुपारी रजिस्टर भरायचं. आचारसंहिता लागली की लोकांना आपापली शस्त्रं जमा करावी लागतात. कुणी पोलीस ठाण्यात करतं, कुणी आमच्याकडे. लोखंडी कपाटात प्रत्येकाला दोऱ्यानं चिठ्ठी बांधून ठेवायची आणि निकाल लागेपर्यंत सांभाळायची. काहींना ते दिवस फार जड जातात. कोलशेतचे एक आजोबा दर आठवड्याला येऊन समोरच्या खुर्चीत बसायचे, बंद कपाटाकडे बघत चहा प्यायचे, "बरी आहे ना?" एवढं विचारायचे आणि जायचे.

आणि तक्रारी! एका गृहस्थांनी रिव्हॉल्वर आणलं. म्हणाले, "साहेब, हे डावीकडे मारतं." मी नेमबाजीच्या रेंजवर नेऊन सहा गोळ्या झाडल्या, सहाही मधोमध. पुन्हा त्यांच्या हातात दिलं, तर सहाही डावीकडे. आमच्या दुकानाच्या खालीच चष्म्याचं दुकान आहे. मी म्हटलं, "जिना उतरा आणि खाली दाखवा." उजव्या डोळ्याचा नंबर दीडनं वाढलेला निघाला. त्यांनी चष्मेवाल्याला दिवाळीला मिठाई दिली. मला नाही.

पण मला सांगायचंय ते स्वस्तातल्या पिस्तुलांबद्दल. बाहेरून शस्त्रं येणं बंद झालं तेव्हापासून नावाजलेलं जुनं परदेशी पिस्तूल म्हणजे चैन. ज्याच्याकडे असतं तो सोडत नाही, आणि सोडलं तर एखाद्या फ्लॅटची बोलणी चालावीत तशी बोलणी चालतात. त्याच वेळी एक जात अशी आहे की तिला कुणी विचारत नाही. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास स्पेनमधल्या छोट्या छोट्या कारखान्यांनी घाईघाईनं घडवलेली खिशातली पिस्तुलं. एका कारखान्याचा स्क्रू दुसऱ्याला बसत नाही. बऱ्याचदा एकाच कारखान्याच्या दोन पिस्तुलांचाही एकमेकांना बसत नाही. कुठं कळ उलटी फिरते, कुठं नळीवरचा नेम बघायचा दाणा वाकडा बसवलेला. सुटे भाग मिळत नाहीत, कारण ते बनवणारा कारखानाच आपल्या आजोबांच्या वेळेला संपला. सासरे अशा पिस्तुलांना 'अनाथ' म्हणायचे.

माझा जीव जडला तो याच अनाथांवर. माझं स्वतःचं पिस्तूल असंच आहे, पंचवीस बोअरचं, मुठीवर कुणीतरी शिसवी लाकडाच्या पट्ट्या बसवलेलं. ते घेताना सासरे म्हणाले होते, "हे कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका." मी फुकट घेतलं नाही, थोडे पैसे देऊन घेतलं. प्रत्येक गोळीनंतर त्याचं रिकामं काडतूस उडून नेमकं माझ्या कपाळावर बसतं, म्हणून मी पुढे झडप असलेली टोपी घालतो. तिसऱ्या गोळीला मॅगझिन गळून पडतं, म्हणून डाव्या हाताची करंगळी खाली धरावी लागते. इतकी सगळी बडदास्त ठेवली तर ते दहा पावलांवरून टार्गेटच्या कागदाला लागतं. कधीकधी शेजारच्याच्या कागदाला.

रविवारी सकाळी रेंजवर तरुण मुलांचा सराव आटोपला की आम्ही तिघं म्हातारे उतरायचो. मी, एक दातांचे डॉक्टर आणि सायमन. नियम एकच: जे पिस्तूल बाजारात कुणी घेणार नाही तेच आणायचं. जिंकणाऱ्यानं मिसळ द्यायची, कारण हरणाऱ्याला आधीच पुष्कळ दुःख असतं. सायमन खाडीकाठच्या ख्रिस्ती घरातला. त्याचे आजोबा जाळी टाकायचे, हा लेथ धरून बसला. टूलरूममध्ये त्याचं मशीन माझ्या शेजारी होतं. माझ्या आयुष्यातल्या बहुतेक चुका त्यानं जवळून पाहिल्या आहेत.

त्यातली एक सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे.

डोंबिवलीत देशपांडेबाई म्हणून निवृत्त मुख्याध्यापिका राहायच्या. यजमान गेल्यावर त्यांचं पिस्तूल बाईंनी रीतसर आपल्या नावावर करून घेतलं होतं. ते असंच स्पॅनिश, बत्तीस बोअरचं. आत एक घोडा असतो. चाप ओढला की तो सुईवर आदळतो आणि सुई काडतुसाच्या बुडावर. या जातीत घोडा बाहेर दिसत नाही, पोटात दडलेला असतो. बाईंची तक्रार एवढीच होती की चाप जड लागतो. घोडा ज्या पिनेवर फिरतो ती काढून बघायला हवी होती. मी फिटर माणूस, नव्या दमाचा. पिन दिसली की ठोकायची. ती पिन एका टोकाला किंचित निमुळती होती, एकाच बाजूनं बाहेर येणारी. कारागिरानं तशी खूण कुठंही केलेली नव्हती आणि मीही थांबून बघितलं नाही. उलट्या बाजूनं ठोकली. तिसऱ्या घावाला पिन तुटली. चौथा घाव मारायलाच नको होता. त्या घावाला पिस्तुलाच्या सांगाड्याला चीर गेली.

चीर गेलेलं पिस्तूल कुणाच्या हातात देता येत नाही. माझ्याच सहीनं 'नादुरुस्त' असा दाखला लिहिला. पिस्तूल सरकारी मालखान्यात जमा झालं आणि पुढे इतर मोडीबरोबर भट्टीत गेलं. मी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अहो, माझ्या शाळेत मुलांनी किती काचा फोडल्या. बसा, लाडू खा." मला तो लाडू गिळवेना. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी मोकळा झालो असतो. बाई आता नाहीत. त्या पिनेचे दोन तुकडे मी कॅमेऱ्याच्या रोलच्या काळ्या डबीत ठेवले आणि डबी टेबलाच्या खणात. अमुक एका हेतूनं ठेवली असं नाही. टाकवली नाही.

आता बाळारामशेठ. डोंबिवलीच्या खाडीकडच्या गावातले आगरी. त्यांचे वडील मिठागरावर राखणदार होते. मिठागराचा मालक गाव सोडून गेला तेव्हा जाताना त्यानं आपलं पिस्तूल कागदपत्रं करून राखणदाराच्या नावावर दिलं. वडिलांच्या मागे ते शेठकडे आलं. पुढे मिठागर गेलं, शेत गेलं. त्या जागी इमारती झाल्या आणि शेठ त्यातल्याच एकीच्या अकराव्या मजल्यावर राहायला गेले. मी एकदा घरी गेलो होतो तेव्हा त्यांनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. "तो निला स्विमिंग पूल दिसतंय ना मिस्त्री? तो आमचा खाजन." खाजण म्हणजे खाडीच्या पाण्याची खारी जमीन. मग कपाटातून पिस्तूल काढून म्हणाले, "सगला गेला. यो एकला राह्यला."

ते पिस्तूल पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलं तेव्हा मी ते दोनदा उलटसुलट करून पाहिलं. ते देशपांडेबाईंच्या पिस्तुलाचं जुळं भावंड होतं. तोच कारखाना, तोच शिक्का, पोटात दडलेला तोच घोडा आणि बाजूला तीच पिन. तेव्हापासून दर एकादशीला शेठ यायचे. मी स्लाइड, म्हणजे वरचं सरकतं झाकण, काढायचो, हळदकुंकू पुसायचो, नळी साफ करायचो, तेल द्यायचो आणि परत करायचो. पिनेच्या वाटेला कधी गेलो नाही. ती दिसली की माझे हात खिशात जायचे.

पूजा करायच्या शेठच्या पत्नी, जनाबाई. त्या पिस्तुलाला निरांजनानं ओवाळायच्या. मी शेठना दरवर्षी सांगायचो, "वहिनींना म्हणावं, एक फूल पुरे. अक्षता नकोत." दरवर्षी उत्तर यायचं. "ती बोलली, मिस्त्रीला सांग, देवाला नुसता फुलाचा वास दिऊन त्याचा पोट भरतंय का?" वर आणखी एक गंमत. शेठ सावध माणूस. पिस्तूल रिकामं आहे हे सगळ्यांना दिसावं म्हणून ते पूजेत स्लाइड मागे ओढून, उघडी ठेवायचे. हा धडा त्यांना मीच दिलेला. म्हणजे सुरक्षिततेसाठी दार मी उघडलं आणि त्या दारातून वहिनी अक्षता टाकत होत्या.

जनाबाई गेल्या त्याला नऊ वर्षं झाली. त्यानंतर मात्र पिस्तूल एका कुंकवाच्या टिकलीवर यायला लागलं. मला काम कमी झालं, आणि ते मला आवडलं नाही.

परवा-परवापर्यंत हे असंच चाललं होतं. मग शेठची नजर गेली, हात थरथरायला लागले आणि परवान्याचं पुढचं नूतनीकरण होणार नाही हे स्पष्ट झालं. कायद्यानं दोनच वाटा होत्या. हयातीतच वारसाच्या नावावर करायचं, नाहीतर जमा करायचं. जमा केलेलं पिस्तूल कुठं जातं हे मला माहीत होतं. शेठनाही मीच सांगितलेलं होतं. दोन मुलगे, एकाला पिस्तुलाची भीती, दुसऱ्याला परवान्याच्या कागदांची. पुढे आली ती मुलगी, वंदना. कल्याणला शाळेत पीटी शिकवते. आवाज असा की मैदानाच्या त्या टोकालाही शिट्टी लागत नाही.

मी तिला विचारलं, "तुला कशाला हवं गं?"

"काका, मला कोणाला गोळ्या घालायच्या नाहीयेत," ती म्हणाली. "आईनं इतकी वर्षं ओवाळलेलं ते. ते मी भट्टीत घालायला देऊ? दादा लोकांना नकोय तर नको. मी क्लबमध्ये चौकशी करून आलेले पण."

नियमाप्रमाणे तिला प्रशिक्षण घ्यावं लागलं. शस्त्र कसं धरायचं, कसं रिकामं करायचं, बोट चापाबाहेर कसं ठेवायचं. पोरीनं मन लावून केलं. शेवटच्या दिवशी रेंजवर, वडिलांच्या समक्ष, त्याच पिस्तुलानं चालवून दाखवायचं होतं, म्हणजे ती तयार आहे आणि शस्त्रही चालू आहे असे दोन्ही दाखले एकदम झाले असते. मी हजर होतो. सायमनही आला होता, त्याला दुसरं काम नसतं. शेठ पांढराशुभ्र सदरा घालून, काठी टेकवून बाकावर बसले होते. लग्नाला आल्यासारखे.

वंदनानं नेम धरला, चाप ओढला. टक्.

पुन्हा ओढला. टक्. दुसरं काडतूस भरलं. टक्.

मी काडतूस हातात घेऊन त्याचं बूड बघितलं. सुईचा ठसा होता, पण नखानं टोचावं तेवढाच. म्हणजे घोडा पडत होता, पण जोर लागत नव्हता. एक तर आतली स्प्रिंग मेलेली, नाहीतर घोड्याच्या वाटेत काहीतरी अडकलेलं. दोन्हींसाठी ती पिन काढणं आलं.

प्रशिक्षक तरुण होता, शिस्तीचा, पण माणूस बरा. म्हणाला, "काका, पंधरा दिवस देतो. चालू करून आणा. नाहीतर मला नादुरुस्त लिहावं लागेल."

शेठनी काठीवर हनुवटी टेकली आणि मला विचारलं, "मेला का रं तो?"

वंदना मात्र माझ्याकडे बघत होती. "काका, तुम्ही दर वर्षी साफ करायचे ना?"

"वरून करायचो," मी म्हटलं. पस्तीस वर्षांत एवढं लहान वाक्य बोलताना मला कधी एवढी लाज वाटली नव्हती.

रेंजबाहेर येऊन मी दोघांना सगळं सांगून टाकलं. देशपांडेबाईंचं पिस्तूल, तुटलेली पिन, चौथा घाव. म्हटलं, दुसऱ्या कुणाकडे न्यायचं असेल तर न्या, माझा राग नाही. आतली एक वस्तू चुकीची हलली तर हे पिस्तूल कायमचं जाईल आणि त्याला जोड कुठं मिळणार नाही. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मिस्त्री, ज्याचा एकदा बैल बुजलाय, तो दुसऱ्या वेलंला कासरा घट धरतंय. तूच कर."

शेठचा विश्वास माझ्यावर माझ्यापेक्षा जास्त होता. मला नीट झोप लागत नव्हती. सायमनला म्हटलं तर तो म्हणाला, "तुला घाई कसली रे? लोखंड काय पळून चाललंय? आधी बघ. तू कधी बघतच नाय, नुसता ठोकतो."

म्हणून आधी बघितलं. पिस्तूल उघडून रॉकेलमध्ये भिजत ठेवलं. भिंग लावून पिनेची दोन्ही टोकं पाहिली. शंभर वर्षांच्या घासण्यानं दोन्ही सारखीच झालेली. निमुळती बाजू कुठली हे कळेना. डावी म्हणावी तर डावी, उजवी म्हणावी तर उजवी. आणि तेव्हा, कशी कोण जाणे, ती काळी डबी आठवली.

खण उघडला, डबी काढली, तुकडे टेबलावर ठेवले. जुळ्या भावंडाची पिन. दोन्ही तुकडे जोडून मापकानं मोजले. जाडीत केसाएवढा फरक, पण होता. शिवाय जाड टोकावर तीस वर्षांपूर्वीच्या माझ्या हातोडीचे डाग स्पष्ट दिसत होते. ते पाहून आठवलं, मी उजवीकडून मारलं होतं. म्हणजे आता डावीकडून. इतका साधा हिशेब. सायमननं त्या तुकड्याचं माप घेऊन पिन ढकलायचा पितळेचा एक पंच लेथवर काढून दिला, टोकाला बरोबर पिनेएवढा. पितळ मऊ, चुकलंच तर पंच दबेल, पिस्तूल नाही. "हे तेव्हाच मागायचं होतंस," तो म्हणाला. तेव्हा मी मागितलं नव्हतं, कारण तेव्हा मला सगळं येत होतं.

ठरल्या दिवशी सकाळी शेठ आणि वंदना दुकानात आले. मी म्हटलं होतं, येऊ नका, झालं की कळवतो. पण शेठ म्हणाले, ऑपरेशनला घरचा माणूस नको का? सायमन दाराशी उभा. खालचा चष्मेवालाही उगाच वर आला. मी पिस्तूल चामड्याच्या गादीवर ठेवलं, पितळी पंच पिनेच्या डाव्या टोकावर टेकवला आणि लहान हातोडी घेतली.

पहिला घाव. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्याला माझा हात हवेतच थांबला. मागच्या वेळी तिसऱ्यालाच तुटली होती. मग शेठ हळूच म्हणाले, "मार. जनी बगतंय."

मारला. पिन केसभर हलली. मी असा जोरात श्वास सोडला की सायमन हसला. मग दोन हलके ठोके, आणि पिन अख्खी, सरळ, गादीवर येऊन पडली. एवढीशी. मी ती उचलून वंदनाच्या तळहातावर ठेवली.

घोडा बाहेर काढला. तो ज्या खोबणीत पडतो तिथं काळसर लाल थर बसलेला होता. कुंकू, हळद, खोबरेल आणि त्यावर दर एकादशीला मी हौसेनं ओतलेलं तेल. ते सगळं मुरून लाखेसारखं घट्ट झालेलं. म्हणजे अर्धा दोष पूजेचा, अर्धा माझा. मी चिमट्यानं खरवडत गेलो आणि तळाशी एक दाणा लागला. तांदळाचा. पिवळा पडलेला, कुंकवानं एका बाजूला लाल, दगडासारखा टणक. घोडा दरवेळी त्याच्यावर आपटून थांबत होता.

मी तो चिमट्यात धरून वर केला. शेठनी हात पुढे केला. नजर गेलेली, तरी बोटांनी चाचपून ओळखलं.

"नऊ वर्सां कोनी तांदूल टाकला नाय," ते म्हणाले. "यो जनीचा हाय."

वंदना पीटीची बाई, तरी तिला पदर नसल्याची अडचण झाली. ओढणीनं डोळे पुसले. मी खाली बघून उगीच स्प्रिंग पुसत बसलो. मला रडू येत होतं आणि त्याची मला लाज वाटली नाही. शेठनी चष्म्याची डबी काढली, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात टाकला आणि डबीत तो दाणा ठेवला. "आता या चष्म्याचा माना काय उपेग नाय," म्हणाले. खालच्या दुकानदाराला ते विशेष आवडलं नसावं.

दोन दिवसांनी पुन्हा रेंज. तोच प्रशिक्षक, तोच बाक, तोच पांढरा सदरा. वंदनानं नेम धरला. या वेळी टक् झालं नाही. असा दणका झाला की शेठच्या हातातली काठी पडली. तिनं तीन गोळ्या झाडल्या. दोन कागदात लागल्या, तिसरी कुठं गेली ते प्रशिक्षकानं विचारलं नाही. स्पॅनिश पिस्तुलासाठी हा निकाल उत्तम आहे. शेठ उभे राहून ओरडत होते, "वाजला रं! माजे बापाचा वाजला!" आणि सायमन त्यांना बसवायचा प्रयत्न करत होता. त्या रविवारची मिसळ वंदनानं दिली. नियमाप्रमाणे.

कागद व्हायचे तितके महिने लागले, पण झाले. दसऱ्याच्या आधी परवाना वंदनाच्या नावावर आला आणि शेठनी मला खंडेनवमीचं आमंत्रण धाडलं. इतक्या वर्षांत मी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या पूजेला गेलो नव्हतो. पूजा हा माझ्या दृष्टीनं बिघाडाचा उगम. पण गेलो. जाताना खिशात ती काळी डबी घातली. का, ते मलाही नीट माहीत नव्हतं.

अकराव्या मजल्यावर, खाजणाच्या बरोबर वर, पाट मांडलेला. पिस्तूल रिकामं, स्लाइड उघडी, हा नियम माझाच. उघड्या जागेवर मी विड्याचं पान ठेवायला सांगितलं. म्हटलं, वरून पाहिजे ते वाहा, आत काही जाता कामा नये. वंदनानं हळद लावली, कुंकू लावलं, आईसारखंच ओवाळलं. मग शेठ म्हणाले, "मिस्त्री, तुजी ती डबी दे."

डबीची गोष्ट मी त्यांना दुकानात सांगितली होती, पण ती खिशात आणलीय हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. दिली. त्यांनी चाचपत दोन्ही तुकडे काढले आणि पिस्तुलाशेजारी तांब्याच्या ताम्हणात ठेवले. "यो दुसरा भाव," म्हणाले, म्हणजे जुळा भाऊ. "याला बी लाव." वंदनानं त्या तुटक्या पिनेला हळद लावली, कुंकू लावलं, ओवाळलं. देशपांडेबाईंच्या पिस्तुलाची शेवटची पूजा कधी झाली असेल कुणास ठाऊक. या वर्षीची झाली. मला बाईंचा लाडू आठवला आणि या वेळी तो गिळता आला.

मग शेठनी अक्षतांची वाटी माझ्यासमोर धरली. "टाक."

मी मूठ भरली आणि टाकली.

एकादशीला वंदना पिस्तूल घेऊन दुकानात आली. म्हणाली, "काका, चाप जरा अडकतोय." मी पितळी पंच काढला, डाव्या बाजूनं दोन ठोके मारले आणि घोडा बाहेर काढला. आत एक अक्षता होती. विड्याचं पान सरकलं असणार. ती मीच टाकली होती, त्यामुळे मला कुणाला काही बोलता येईना.